करार ३१ मार्चला संपतोय, सभासदांची तयारी कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. कायम कामगार २१०, ठेकेदाराकडचे सत्तर-ऐंशी. तीन वर्षांचा पगारवाढीचा करार येत्या ३१ मार्चला संपतो. विचारणारा तरुण लूमवर काम करतो आणि यंदा पहिल्यांदाच कमिटीवर निवडून आला आहे. त्याचं म्हणणं: “मागणीपत्राचा मसुदा युनियनचे जुने लोक करतील. पण सभासदांशी बोलायला गेलं की एकच प्रश्न येतो, ‘किती वाढणार ते सांगा.’ मीटिंग लावली तर तीस-पस्तीस जण येतात. माणसं तयार कशी करायची?”

मी सोलापुरात तीस वर्षांहून जास्त काळ हे काम करतोय. पॉवरलूम, सूतगिरणी, इंजिनिअरिंग अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या करारांना बसलो. माझा अनुभव असा, की टेबलावर काय पदरात पडणार हे बरंचसं टेबलावर बसायच्या आधीच ठरलेलं असतं. स्वतःच्या पगारपावतीचा हिशेब तोंडपाठ असलेले सभासद किती आहेत, यावर ते ठरतं. नेता किती जोरात बोलतो याचा मालक फार विचार करत नाही. सुपरवायझरने कँटीनमध्ये सहज विचारल्यावर साधा कामगार काय उत्तर देतो, ते त्याच दिवशी वर पोचतं आणि ऑफर त्या अंदाजाने निघते.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो. एका कारखान्याच्या गेटसभेत मी पाच हजारांचा आकडा जाहीर केला. टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या. सात महिन्यांनी तीन हजार तीनशेवर करार झाला. तो करार वाईट नव्हता. रजा वाढल्या होत्या, चौदा ठेका कामगार कायम झाले होते. पण करार वाचून दाखवायला उभा राहिलो तेव्हा मागच्या रांगेतला एक जॉबर (खात्यातला मुकादम) उठला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, उरलेले सतराशे कुठं गेले?” मला उत्तर देता आलं नाही. कारण ते पाच हजार कुठून आले होते, हेच मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून हिशेब मांडल्याशिवाय गेटवर आकडा बोलायचा नाही, हा नियम मी पाळतो.

म्हणून पहिलं काम पावतीचं. दहा सभासदांमागे एक असे गटप्रमुख नेमा. प्रत्येक खात्यात, प्रत्येक पाळीत कोणीतरी हवा. तुमच्याकडे २१ लोक लागतील. ते कमिटीतलेच असायला हवेत असं नाही. उलट ज्याच्याजवळ बाकीचे डबा उघडून बसतात, तो माणूस शोधा. हेमिंगला, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवतात तिथे, आणि चेकिंग-पॅकिंगला बाईच गटप्रमुख पाहिजे. पुरुष कमिटीवाल्याला ज्या गोष्टी त्या कधीच सांगणार नाहीत, त्या तिला सांगतात. या लोकांनी आपापल्या दहाजणांच्या पावत्या घेऊन बसायचं आणि एकेक ओळ समजावून सांगायची: बेसिक किती, महागाई भत्ता किती, घरभाडं, प्रवास, हजेरी भत्ता, मग कपाती. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरात कन्नड, काहींच्या उर्दू. मराठी हँडबिल सगळेच वाचतात. पण ‘महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडणे’ हे तेलुगूत सांगितलं की बाई प्रश्न विचारायला लागते, आणि तिने प्रश्न विचारला म्हणजे ती तयार व्हायला लागली.

नमुन्याला एक पावती घेऊ. बेसिक ८,२००, महागाई भत्ता ४,६००, घरभाडं २,४००, प्रवास १,६००, शिक्षण ८००, हजेरी ८००, इतर १,०००. एकूण १९,४००. आता मालकाने ऑफर दिली, “सहा हजार देतो.” ऐकायला भरघोस वाटतं. पण हल्ली व्यवस्थापन ‘सीटीसी’ची भाषा बोलतं, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्के, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) ४.८१ टक्के आणि बोनस किमान ८.३३ टक्के हेही मोजलेलं असतं. सगळी वाढ बेसिकमध्ये गेली असं धरलं, तर ६,००० भागिले १.२५१४ केल्यावर पावतीवर येतात सुमारे ४,७९५. त्यातून कामगाराचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ५७५ कापले जातात. हातात ४,२२०. आणि करार तीन वर्षांचा, वाढ ५०:३०:२० अशी विभागलेली. म्हणजे पहिल्या वर्षी हातात महिन्याला २,११०, दिवसाला ८१ रुपये. पीएफ आणि ग्रॅच्युइटी हा कामगाराचाच पैसा आहे, तो बुडत नाही, हेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगा. लोकांना अर्धा हिशेब सांगून भडकवू नका. पण सहा हजार ऐकून ज्याने घरी बायकोला सहा हजार सांगितले, तो मे महिन्यातल्या पगाराला युनियनला शिव्या देणार. हा हिशेब त्याने जानेवारीतच स्वतःच्या हाताने केलेला असला, तर “सहा हजार” ऐकल्यावर तो आधी विचारेल: सीटीसीवर की ग्रॉसवर, म्हणजे पावतीवरच्या एकूण पगारावर? पहिल्या वर्षी किती टक्के? बेसिकमध्ये किती?

हे तीन प्रश्न २१० माणसांच्या तोंडी आले तर तुमचं निम्मं काम झालं.

बेसिकचा मुद्दा जास्त खोलात सांगायला हवा, कारण इथे लोक फसतात. वाढ भत्त्यांत टाकली की हातात आज चार पैसे जास्त दिसतात, कारण पीएफ कमी कापला जातो. पण ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या वेतनावर, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने, २६ ने भागून. पंचवीस वर्षं झालेल्या विणकराच्या बेसिकमध्ये हजार रुपये वाढले तर त्याच्या ग्रॅच्युइटीत १४,४०० च्या वर फरक पडतो. तेच हजार प्रवास भत्त्यात गेले तर काहीच नाही. नव्या कामगार संहितांनी (कायद्यांनी) वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे व्यवस्थापन या वेळी पगाराची फोड नव्याने करायचं सुचवेल. तसा कागद समोर आला की जुन्या आणि नव्या फोडीने प्रत्येक गटातल्या एका माणसाचा पीएफ, ओटीचा (ओव्हरटाइमचा) दर, बोनस आणि ग्रॅच्युइटी काढून बघा. एकाच वेळी ईएसआयचंही, म्हणजे कामगार राज्य विम्याचंही बघा. त्याची वेतनमर्यादा सध्या २१,००० आहे. वाढीमुळे कोण तिच्या बाहेर जाणार ती नावं आधी मोजा, आणि त्यांच्यासाठी कुटुंबासह मेडिक्लेमचं कलम मागणीपत्रात घाला. नाहीतर दोन हजार वाढले म्हणून हसत घरी गेलेला माणूस पहिल्याच बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला चाळीस हजार भरतो.

आता मागायचं किती? दोन पायऱ्या करा. पहिली, गेल्या तीन वर्षांत महागाईने जे खाल्लं ते परत मागणं. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक श्रम ब्युरो दर महिन्याला काढतं, आणि देशातल्या ज्या केंद्रांवर भाव गोळा होतात त्यांत सोलापूरचं वेगळं केंद्र आहे. म्हणजे पुण्या-मुंबईचा आकडा उसना घ्यायची गरज नाही, आपल्याच बाजाराचा आकडा आहे. करार झाला तेव्हाचा आकडा आणि आजचा आकडा घ्या. समजा तेव्हा १३० होता आणि आज १४५ आहे. वाढ झाली साडेअकरा टक्के. तेव्हा १७,००० मिळत असतील, तर तेवढाच किराणा, तेवढंच भाडं भागवायला आज सुमारे १८,९६० लागतात. महागाई भत्त्यातून जेवढं भरून निघालं असेल ते वजा करा. उरलेलं आपलंच घेणं आहे, ती वाढ नव्हे. दुसरी पायरी खऱ्या वाढीची: उत्पादन वाढलं, अनुभव वाढला, मुलं कॉलेजला गेली. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असले की टेबलावर खाली यायची वेळ आली तरी कुठल्या आकड्याखाली जायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

गटप्रमुखांनी पावती बघताना एक पान भरून घ्यायचं. त्यात “किती वाढ हवी” हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: गेल्या वर्षी कशासाठी उचल घेतली? कामावर कुठली गोष्ट रोज त्रास देते? मागच्या करारातलं कुठलं कलम पाळलं गेलं नाही? आणि एक प्रश्न लोक टाळतात, तो जरूर विचारा: पाचशे रुपये कमी मिळाले पण अमुक गोष्ट मिळाली तर चालेल का? एका ठिकाणी या प्रश्नाला पॅकिंगच्या निम्म्या बायकांनी उत्तर दिलं, की रात्री साडेअकराला पाळी सुटल्यावर घरापर्यंत गाडी मिळाली तर चालेल. वळसंग, कुंभारीकडून येणाऱ्या बायकांचे नवरे रोज रात्री मोटरसायकल घेऊन गेटवर उभे असायचे. आमच्या कमिटीला ते रोज दिसत होतं, पण मागणी म्हणून कोणाला सुचलं नव्हतं.

पानं जमली की मागण्या ढिगाने येतील. चाळीस मागण्यांचं पत्र मी पाहिलंय. त्यातल्या तीस मागण्या मालक पहिल्या बैठकीत “तत्त्वतः मान्य” करतो आणि पगारावर आला की थांबतो. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यात मोजून पाच गोष्टी होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, आणि अपघातात जखमी झालेल्याला भरपाई. सही करणाऱ्या प्रत्येकाला त्या तोंडी सांगता आल्या असतील. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. तेवढा धीर टिकला, कारण मागणी प्रत्येकाच्या अंगावरची होती. तुम्हीही दहा-बारा मागण्यांवर थांबा. त्यातल्या ज्यांच्यासाठी आपण अडून बसू, अशा तीन मागण्या सभासदांच्या मताने ठरवा. त्या तीन कुठल्या हे बाहेर बोलायचं नाही.

उत्पादनाचा मुद्दा व्यवस्थापन आणणारच. “पगार वाढवतो, दोनऐवजी चार लूम सांभाळा”, किंवा हेमिंगचं टार्गेट वाढवा. इथे सभासदांनी स्वतः नोंदी ठेवल्याशिवाय तुमच्याकडे बोलायला काही नसतं. एका कारखान्यात व्यवस्थापनाने टार्गेटचे रंगीत तक्ते आणले होते. त्यात हेमिंगचं खातं सतत मागे दिसत होतं. आमच्या बाजूला बसलेल्या हेमिंगच्या एका बाईने पिशवीतून मुलाची शंभर पानी वही काढली. अर्ध्या वहीत मुलाची गणितं, आणि उलट बाजूने तिच्या अडीच महिन्यांच्या नोंदी. बारीक अक्षरात रोज चार-पाच ओळी. “सोमवार. कटिंगवरून माल नाही, १ तास १० मिनिटं. लाईट गेली, ४० मिनिटं. सुई तुटली, ३ वेळा, स्टोअरमध्ये नवी नाही, २५ मिनिटं.” मॅनेजरने वही हातात घेतली, चार पानं उलटली आणि प्रॉडक्शनच्या माणसाकडे बघितलं. त्या माणसाने मान खाली घातली. माल नसलेला आणि लाईट गेलेला वेळ टार्गेटमधून वजा करायचं कलम त्या दिवशी, त्याच बैठकीत लिहिलं गेलं. मी तीन तास भाषण केलं असतं तरी ते झालं नसतं. तुमच्याकडे अजून तीन महिने आहेत. प्रत्येक खात्यात दोघांनी आजपासून वही सुरू करावी. कारखान्याचे कागद, डिझाइन, गिऱ्हाइकांची नावं त्यात अजिबात नकोत. फक्त स्वतःच्या मशीनचं आणि स्वतःच्या वेळेचं.

कंपनीची परिस्थितीही सभासदांना माहीत हवी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर शंभर रुपये भरून तिचे ताळेबंद बघता येतात. तीन वर्षांचे काढा, विक्री, नफा आणि ‘कामगारांवरील खर्च’ या तीन ओळी एका कागदावर लिहा. सोलापुरातले बरेच कारखाने भागीदारीचे किंवा एकट्याच्या नावावरचे असतात, त्यांचे कागद असे मिळत नाहीत. तिथे डोळे उघडे ठेवायचे: सुताचे कोन आठवड्याला किती येतात, बीम किती चढतात, कंटेनर किती सुटतात, ओटी वाढली की कमी झाली. धंदा खरोखर मंदीत असेल तर तेही सभासदांना सांगा. मंदी असताना मोठा आकडा मागायला लावणं ही त्यांची फसवणूक आहे. अशा वेळी करार दोन वर्षांचा करून पुढे जावं.

आणि सोलापुरात एक वाक्य येणारच: “ताणलं तर मिलसारखं होईल.” जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू बंद पडल्यावर ज्या घरांतली माणसं रस्त्यावर आली, त्यांचीच पोरं-नातवंडं आज एमआयडीसीत आहेत. ही भीती हसण्यावारी नेऊ नका, ती खरी आहे. तिला उत्तर एकच: आकडे. कामगारांवरचा खर्च विक्रीच्या किती टक्के आहे आणि आपली मागणी मान्य केली तर तो किती होईल, हे सांगता आलं की माणूस रात्री नीट झोपतो आणि सकाळी गेटवर उभा राहतो.

आता कायद्याचं, कामापुरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात वाटाघाटीचा अधिकार हजेरीपटावरच्या संख्येशी बांधलेला आहे: एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्केवाली एकटी बोलते, तेवढी कोणाचीच नसेल तर २० टक्के आणि त्याहून जास्त असलेल्यांची परिषद बसते. म्हणून वर्गणीच्या पावत्या आणि सभासद रजिस्टर आजच्या तारखेपर्यंत पूर्ण करा. करार ३१ मार्चला आपोआप गळून पडत नाही. तो संपवायचा असल्याची लेखी नोटीस दिल्यावर साठ दिवस तो बांधून ठेवतो. म्हणजे जानेवारी संपायच्या आत नोटीस आणि मागणीपत्र पोच घेऊन दिलेलं हवं. करार आपसांत झाला तर तो सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यापुढे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) झाला तर युनियनबाहेरच्या आणि पुढे लागणाऱ्या कामगारांनाही लागू होतो. शक्य असेल तर शेवटची सही सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातच करा.

महिन्यांचं गणित आपल्या भागाप्रमाणे बसवा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, त्या आठवड्यात कोणी मीटिंगला येत नाही. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू झाली की दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडचे निम्मे लोक खाडे करतात. म्हणून पावत्यांचं आणि पानांचं काम गड्ड्याच्या आधी उरकलं पाहिजे, आणि सर्वसाधारण सभा गड्डा आणि सुगीच्या मधल्या रविवारी. मीटिंगला तीसच जण येतात याचं वाईट वाटून घेऊ नका. एका मोठ्या मीटिंगपेक्षा दहा-दहाच्या एकवीस बैठका घ्या, कोणाच्या तरी अंगणात, चहावर. तिथे घरच्यांनाही बोलवा. बचत गटाचा हप्ता, किराणावाल्याची उधारी, जूनमधली शाळेची फी, हे सगळं घरातल्या बाईला माहीत असतं. दोन महिने करार लांबला तर घर कसं चालेल हे तिला आधी विचारलं असेल, तर ती नवऱ्याला “सही करून टाका” म्हणत नाही. तेव्हाच प्रत्येकी पगाराच्या दिवशी शंभर रुपये वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात करा. खातं दोन सह्यांचं, आणि महिन्याचा हिशेब नोटीस बोर्डावर.

ठेका कामगारांना विसरू नका. हे सत्तर-ऐंशी जण तुमच्याच मशीनच्या शेजारी उभे असतात. तुम्ही काम थांबवलंत तर कारखाना त्यांच्यावर चालणार. मागणीपत्रात त्यांच्यासाठी एक तरी ठोस कलम ठेवा: किमान वेतन, पीएफचा हिशेब, जुन्यांना टप्प्याटप्प्याने कायम करणं. आणि ते कलम शेवटच्या दिवशी सोडून देऊ नका. एकदा सोडलं की पुढच्या करारापर्यंत ते तुमच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

बैठका सुरू झाल्या की अफवा सुरू होतात. “नेत्याला पाकीट मिळालं”, “अमक्याने वेगळी सही केली.” यावर एकच इलाज मला लागू पडलेला दिसला: प्रत्येक बैठकीच्या दिवशीच, दुसरी पाळी सुटायच्या आत, अर्ध्या पानाचं हँडबिल. काय बोललं गेलं, काय झालं नाही, पुढची तारीख. व्यवस्थापनाला एकट्याने कधी भेटायचं नाही, चहालाही नाही. आपण कितीपर्यंत खाली येऊ हे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिहायचं नाही. तो ग्रुप एचआरच्या फोनवर आहे असं धरूनच चाला. कोऱ्या कागदावर किंवा सुपरवायझरने आणलेल्या कागदावर सही करायची नाही, हे प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या दहाजणांना नाव घेऊन सांगावं.

दबाव पायरीपायरीने वाढवा. आधी सगळ्यांनी एकाच दिवशी छातीवर बिल्ला, मग काळी फीत, मग पाळी सुटल्यावर गेटसभा. बिल्ला लावायला किती जण तयार होतात ते मोजा. २१० पैकी ९० जणांनी लावला तर संपाचं नाव काढू नका, परत दहा-दहाच्या बैठकांना बसा. गो-स्लो, म्हणजे मुद्दाम संथ काम, करू नका, ती अनुचित प्रथा ठरते. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकदम रजा टाकली तर नव्या संहितेत तो संपच धरला जातो. संपाला चौदा दिवस आधी नोटीस लागते, आणि समेट चालू असताना व संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. कायद्याला लागो न लागो, संपाआधी गुप्त मतदान घ्या. हात वर करून घेतलेल्या मताला काही अर्थ नसतो, शेजारचा बघत असतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आजही आदर आहे. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारो घरं त्यात संपली. त्यामुळे संपात जायचं ठरवताना कुठल्या ऑफरला परत यायचं हेही त्याच सभेत ठरवून कागदावर लिहा.

शेवटचा मसुदा आला की घाई होते. व्यवस्थापन म्हणतं, आज सही केली तर मागच्या तारखेपासून फरक देतो, उद्या नाही. एक रात्र मागून घ्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही पाळ्यांत मसुदा वाचून दाखवा, मराठीत आणि तेलुगूत, एकेक कलम थांबून. मग प्रत्येकाने आपली पावती काढायची आणि नव्या कराराने आपली पुढच्या महिन्याची पावती कशी येईल ते गटप्रमुखाच्या मदतीने स्वतः लिहायचं. ते आकडे बघून मत द्यायचं. सही झाल्यावर कराराची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात, आणि पहिला वाढीव पगार जमा झाला की तोच लिहिलेला कागद पावतीशेजारी ठेवून जुळवायचा. जिथे जुळणार नाही तिथे दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज.

तुम्ही या रविवारी फक्त एवढं करा: तुमच्या खात्यातल्या दहाजणांना घरी बोलवा, आणि येताना मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या आणायला सांगा. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच, वही मात्र नवी घ्या.